सोन्याचा अणू खरंच पोकळ असतो का?

अणू म्हणजे बहुतेक सगळी पोकळीच, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मधोमध केंद्रक आणि त्याच्याभोवती ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन, हे चित्रही तितकंच ओळखीचं. या दोन्ही कल्पनांचं मूळ एकाच प्रयोगमालिकेत आहे आणि ती गाजली सोन्याच्या वर्खामुळे. म्हणून सोन्याचाच अणू घेऊन त्या तपासू.

१९०९ साली मँचेस्टरला, अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत, हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन अंधारात बसून पडद्यावरच्या बारीक चमका सूक्ष्मदर्शकातून मोजत होते. धातूच्या पातळ वर्खावर अल्फा कणांचा मारा चालू होता. बहुतेक कण आरपार गेले, हजारोंतला एखादा मात्र उलट फिरला. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी त्याचा अर्थ लावला: अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा जागेत एकवटलेलं असणार.

हा निष्कर्ष आजही पक्का आहे. सोन्याचा अणू त्याच्या केंद्रकाच्या साधारण २० हजार पट रुंद असतो. पुस्तकात केंद्रक मोहरीएवढं, २ मिलिमीटरचं काढलं, तर अख्खा अणू मावायला ४० मीटर रुंद पान लागेल. तोळाभर, म्हणजे १० ग्रॅम सोन्यातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचं वजन मिळून जेमतेम २ मिलिग्रॅम भरतं.

मग उरलेली जागा रिकामी म्हणायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि माझ्या मते अणूविषयीचा सगळ्यात चिवट गैरसमज हाच आहे. अल्फा कण इलेक्ट्रॉनाच्या सात हजार पटींहूनही जड असतो. वाटेत इलेक्ट्रॉन भेटला तरी तो फारसा ढळत नाही. त्याला कुणी अडवलं नाही एवढंच त्या प्रयोगातून कळतं, तिथे काहीच नव्हतं असं नव्हे. तीच जागा बोटाला मात्र भरलेली लागते. पुंजभौतिकीनुसार इलेक्ट्रॉन हा अफाट मैदानात भटकणारा ठिपका नाही. तो अणूच्या सगळ्या विस्तारात कमीअधिक शक्यतेनं पसरलेला असतो. शिवाय दोन इलेक्ट्रॉन एकाच स्थितीत राहू शकत नाहीत, हा वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली मांडलेला नियम. अंगठीतले आणि बोटातले इलेक्ट्रॉन एकमेकांत घुसू शकत नाहीत ते मुख्यतः याच नियमामुळे. ‘ऋणभार ऋणभाराला ढकलतो’ हे नेहमीचं उत्तर अपुरं आहे. नुसत्या विद्युतबलावर पदार्थ टिकला नसता, त्याला पाउलींचा नियम लागतोच, हे फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनार्ड यांनी १९६७ मध्ये गणितानं सिद्ध केलं.

ग्रहांचं चित्र तर रदरफर्ड यांच्या काळातच अडचणीत आलं होतं. गोल फिरणारा विद्युतभारित कण सतत ऊर्जा बाहेर टाकतो. अणू खरोखर तसा असता, तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या आतच केंद्रकात कोसळला असता. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षा मांडल्या. हायड्रोजनचं कोडं सुटलं, पण हेलियमशीच गाडी अडली. १९२६ साली एर्विन श्रोडिंगर यांचं समीकरण आलं आणि कक्षा ही कल्पनाच मागे पडली. त्या समीकरणानुसार हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या पातळीवर इलेक्ट्रॉनाचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो. म्हणजे तिथे तो केंद्रकाला प्रदक्षिणा घालतच नाही.

‘कवच’ या शब्दामुळेही घोटाळा होतो. सोन्यात इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १८, ३२, १८, १ अशी असते. हे एकावर एक चढवलेले थर नसून ऊर्जेच्या पातळ्या आहेत. शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन सर्वांत बाहेरचा मानला जातो, तरी केंद्रकाच्या अगदी जवळ सापडण्याची थोडी शक्यता त्यालाही असते. ७९ प्रोटॉनांच्या ओढीमुळे तिथला वेग प्रचंड असतो. अगदी आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग तर प्रकाशवेगाच्या निम्म्याहून जास्त भरतो. इथे आइन्स्टाइन यांचा सापेक्षता सिद्धांत लागू होतो, ऊर्जेच्या पातळ्या सरकतात आणि सोनं निळा प्रकाश शोषू लागतं. उरतो तो पिवळा. चांदीत हा परिणाम कमी असल्यामुळे ती पांढरी दिसते. पण म्हणून सोन्याचा सुटा अणू पिवळा असतो असं मात्र नाही. धातूचा रंग असंख्य अणू एकत्र आल्यावरच दिसतो. मायकल फॅरडे यांनी १८५० च्या दशकात सोन्याचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत ठेवले तेव्हा तो द्रव लालभडक दिसला.

न्यूट्रॉनाला भार नाही म्हणून तो बिनकामाचा, असंही अनेकांना वाटतं. केंद्रकातले ७९ प्रोटॉन एकमेकांना जोरात ढकलत असतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या बलात ११८ न्यूट्रॉन आपली भर घालतात, आणि ढकलाढकलीत मात्र पडत नाहीत. त्यांच्याविना हे केंद्रक क्षणभरही टिकलं नसतं.

राहिला किमयेचा प्रश्न. शिशात ८२ प्रोटॉन, म्हणजे सोन्याहून फक्त तीन जास्त. शतकानुशतकं भट्ट्या पेटवूनही किमयागारांना ते काढता आले नाहीत, कारण आम्ल, उष्णता, क्षार यांची पोहोच बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंतच असते. पण सोनं कृत्रिमरीत्या बनतच नाही हेही खरं नाही. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मध्ये शिशाची केंद्रकं एकमेकांच्या अगदी जवळून नेली जातात, तेव्हा काहींतून तीन प्रोटॉन निसटतात. २०१५ ते २०१८ या काळात तिथे सोन्याची सुमारे ८,६०० कोटी केंद्रकं तयार झाली. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या २९ भागांइतकं हे सोनं, आणि तेही क्षणार्धात आदळून फुटून गेलं.