वाऱ्याचा हिशेब

सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडच्या विमानतळावरून निघून, सांगली जिल्ह्याचा पश्चिम भाग ओलांडून, कोल्हापुरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरावयाचें आहे. अंतर किती ? नकाशावरून तें काढतां येतें.

कऱ्हाडचा विमानतळ १७ अंश १७ कला उत्तर अक्षांश व ७४ अंश ९ कला पूर्व रेखांश येथें आहे. कोल्हापुरचा १६ अंश ४० कला व ७४ अंश १७ कला येथें. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. अक्षांशांतील फरक ३७ कला. एका कलेस १.८५ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर अंतर ६८.५ किलोमीटर. रेखांशांतील फरक ८ कला. परंतु रेखावृत्तें ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळें आपल्याकडे रेखांशाची कला १.७७ किलोमीटरच भरते. पूर्वपश्चिम अंतर १४.२ किलोमीटर. या दोन भुजांवरील कर्ण ७० किलोमीटर. हेंच हवाई अंतर.

चढण्याउतरण्याचा वेळ वगळल्यास ताशीं २०० किलोमीटर वेगाच्या विमानास २१ मिनिटें लागतील. जाऊन येऊन ४२. आतां जातांना समोरून ताशीं ४० किलोमीटर वारा असेल तर ? गमावलेला वेळ परततांना भरून निघेल, असें वाटतें. परंतु जातांना वेग १६० राहून सव्वासव्वीस मिनिटें लागतात, येतांना २४० होऊन साडेसतरा, एकूण पावणेचव्वेचाळीस. कारण विमान प्रतिकूल वाऱ्यांत अधिक काळ असतें, अनुकूल वाऱ्यांत कमी. मार्ग लांबला कीं हा तोटाहि वाढतो. म्हणून वैमानिक इंधनाचा राखीव सांठा घेऊनच निघतो. आकाशांत चुकलेलें उदाहरण पुसून पुन्हां मांडतां येत नाहीं.