कॉन्स्टन्स आणि जाइल्स यांचा बाप

इंग्लंडमध्ये हॅम्पशर परगण्यात, विंचेस्टर शहराच्या जवळ, हर्स्ली नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदवहीत 11 मे 1606 या तारखेला कॉन्स्टन्स हॉपकिन्स या मुलीचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे आणि पुढे 30 जानेवारीला जाइल्स हॉपकिन्स या मुलाचा. त्याच वहीत 9 मे 1613 रोजी मेरी हॉपकिन्सचं दफन झाल्याचीही नोंद आहे. तीन ओळी, तीन नावं. पण या तीन ओळींनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या हजारो घरांच्या भिंतींवर टांगलेल्या वंशावळी खोट्या पाडल्या.

कारण कॉन्स्टन्स आणि जाइल्स ही दोन भावंडं 1620 मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेला गेली होती. त्यांचा बाप स्टीफन हॉपकिन्स. मेफ्लॉवरवरचे 102 प्रवासी म्हणजे अमेरिकेतले कुलपुरुष. आपला वंश त्यांच्यापर्यंत नेऊन भिडवणाऱ्यांची 1897 पासून रीतसर संस्था आहे. तिथे प्रवेश हवा तर पिढीमागून पिढी जन्म, लग्न आणि मृत्यू यांचे कागद दाखवावे लागतात. 'आमच्या आजोबांकडून ऐकलंय' चालत नाही. आपल्याकडे कुलवृत्तांत छापणाऱ्या मंडळांनी इतकी कडक शिस्त ठेवली असती तर किती कुळांचे मूळपुरुष टिकले असते, हा विचार मनात येतोच.

तर या हॉपकिन्सचं इंग्लंडमधलं गाव कोणतं? बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं: ग्लॉस्टरशर परगण्यातलं वॉटन-अंडर-एज. तिथे स्टीफन हॉपकिन्स नावाच्या माणसाची नोंद होती. नाव जुळलं, काळ साधारण जुळला, मग माणूसही तोच धरला गेला. पहिल्या बायकोचं नावही कुणीतरी कॉन्स्टन्स डडली असं ठरवून टाकलं. मुलीचं नाव कॉन्स्टन्स, म्हणजे आईचंही तेच असणार, असा काहीसा हिशेब. एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हे उतरत गेलं. वंशावळीत एकदा चूक शिरली की तिलाही पोरंबाळं होतात.

कॅलेब जॉन्सन या संशोधकाने उलट बाजूने शोध घेतला. स्टीफन हे नाव इंग्लंडमध्ये गावोगाव सापडेल, हॉपकिन्सही. पण एकाच घरात कॉन्स्टन्स आणि जाइल्स ही भावंडं किती सापडतील? बापाला सोडून मुलांना शोधायचं, असा हा मार्ग होता. मुलांची नावं हाती होती ती प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने म्हातारपणी केलेल्या यादीतून. जहाजावर कोण कोण होतं आणि 1650 च्या सुमारास त्यांच्यापैकी कोण उरलं, हे त्याने घरवार लिहून ठेवलं आहे. हॉपकिन्सच्या घरात पहिल्या बायकोची दोन मुलं, जाइल्स आणि कॉन्स्टन्स. दुसऱ्या बायकोची दोन, डॅमरिस आणि ओशिअॅनस. शिवाय दोन नोकर. या ब्रॅडफर्डच्या हस्तलिखिताचाही प्रवास कमी नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते बोस्टनमधून नाहीसं झालं, 1855 मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात सापडलं आणि 1897 मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत गेलं.

हर्स्लीत दोन्ही नावं सापडली, बाप स्टीफन. मेरी वारल्यावर तिच्या मालमत्तेच्या कागदांत एलिझाबेथ, कॉन्स्टन्स आणि जाइल्स अशी तीन मुलं आहेत. डडलीबाई गेल्या, मेरी आली. पुढे स्टीफनचा स्वतःचा बाप्तिस्माही मिळाला: 30 एप्रिल 1581, अपर क्लॅटफर्ड, हेही हॅम्पशरमध्येच.

या वह्या मुळात आहेतच कशा? आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत, पण ज्या टिकल्या त्यांच्यामुळे चारशे वर्षांपूर्वीच्या साध्या शेतकऱ्या-कारागिराचंही नाव हाती लागतं. फक्त तारखा वाचताना सावध राहावं लागतं. तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला बदले, आपलं शक पाडव्याला बदलतं तसं. म्हणून जाइल्सच्या बाप्तिस्म्याचं साल वहीत 1607 आहे, ते आपल्या हिशेबाने 1608. हे ध्यानात नसेल तर पोराचा जन्म आईबापांच्या लग्नाआधी गेल्याचे प्रसंग येतात आणि नसतं बालंट उभं राहतं.

आता प्रश्न असा की 1613 मध्ये मेरी वारली तेव्हा स्टीफन कुठे होता. हर्स्लीत तर नव्हता. इथे हा कौटुंबिक शोध एकदम समुद्रावर जातो.

2 जून 1609 रोजी नऊ जहाजांचा ताफा इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरातून व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनकडे निघाला. त्यातल्या 'सी व्हेंचर' या मुख्य जहाजावर नवा गव्हर्नर सर थॉमस गेट्स होता आणि रिचर्ड बक या धर्मोपदेशकाचा मदतनीस म्हणून स्टीफन हॉपकिन्स नावाचा माणूस होता. जुलैअखेरीस वादळाने जहाज गाठलं. तीन दिवस आणि चार रात्री माणसं पाणी उपसत होती. 28 जुलैला जहाज बर्म्युडाच्या खडकांत अडकलं आणि दीडशेच्या आसपास माणसं जिवंत किनाऱ्याला लागली. बेट निर्जन, पण रानडुकरं, मासे, कासवं भरपूर. लोकांना तिथे इतकं बरं वाटू लागलं की पुढे जायचं कशाला, असं काही जण बोलू लागले.

त्यातला एक हॉपकिन्स. विल्यम स्ट्रेची नावाचा एक प्रवासी हा सगळा वृत्तांत लिहून गेला आहे. तो म्हणतो, हा माणूस बायबल जाणणारा आणि वाद घालण्यात तरबेज. 24 जानेवारी 1610 रोजी दोघांनी त्याच्याविरुद्ध चुगली केली. हॉपकिन्सचं म्हणणं थोडक्यात असं: आपण करार केला तो व्हर्जिनियात जाण्याचा. जहाज फुटलं तिथे गव्हर्नरचा अधिकार संपला. आता प्रत्येकाने आपलं आणि आपल्या कुटुंबाचं पाहावं. शिवाय व्हर्जिनियात गेलो तर ताफा पाठवणाऱ्या कंपनीसाठी जन्मभर राबावं लागेल.

एखाद्या वकिलाने मांडावा असा मुद्दा. गेट्सने मात्र घंटा वाजवून सगळ्यांना गोळा केलं, हॉपकिन्सला बेड्या घालून उभं केलं आणि मृत्युदंड सुनावला. तेव्हा वाद घालणारा हा माणूस ढसाढसा रडला. बायकोमुलांची वाताहत होईल म्हणून विनवण्या करू लागला. जहाजाचा कप्तान न्यूपोर्ट आणि इतर काही मंडळींनी, त्यात स्ट्रेचीही होता, गव्हर्नरची पाठ सोडली नाही, तेव्हा कुठे माफी मिळाली. बेटावर बांधलेल्या दोन जहाजांतून मे 1610 मध्ये जवळपास सगळे जेम्सटाउनला पोहोचले. तिथे उपासमारीतून साठेक माणसं उरली होती.

बर्म्युडाचा हॉपकिन्स आणि मेफ्लॉवरचा हॉपकिन्स एकच, असं सांगणारा एखादा कागद नाही. पण संशोधकांनी ते मान्य केलं आहे आणि पुढची हकीकत वाचली की पटतंही. 19 फेब्रुवारी 1618 रोजी, म्हणजे वहीतल्या 1617 मध्ये, लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या चर्चमध्ये स्टीफनने एलिझाबेथ फिशरशी लग्न केलं. अडीच वर्षांनी तो गरोदर बायको, हर्स्लीची दोन पोरं, लहानगी डॅमरिस आणि एडवर्ड नावाचे दोन नोकर घेऊन मेफ्लॉवरवर चढला. जो माणूस एका समुद्रप्रवासात बुडता बुडता आणि फासावर चढता चढता वाचला, तो पुन्हा निघतो हे मला तरी त्याच्या सगळ्या चरित्रातलं मोठं आश्चर्य वाटतं. वाटेत बायकोला मुलगा झाला. त्याचं नाव ओशिअॅनस, समुद्राचा.

आणि जहाज पुन्हा भलतीकडे लागलं. परवाना व्हर्जिनियाच्या हद्दीचा होता, किनारा दिसला केप कॉडचा. लगेच काही प्रवासी म्हणू लागले की इथे आमच्यावर कुणाचा हुकूम चालणार नाही. अगदी बर्म्युडाचाच मुद्दा. तो कुणी काढला, त्याचं नाव ब्रॅडफर्डने लिहिलेलं नाही. माझा संशय कुणावर आहे ते सांगायला नको. या वेळी फास मात्र कुणी काढला नाही. 11 नोव्हेंबर 1620 रोजी सर्वांनी मिळून कायदे करायचे आणि पाळायचे, असा करार लिहिला गेला. 41 पुरुषांनी सह्या केल्या. ती नावं 1669 मध्ये छापली गेली, त्यात हॉपकिन्स आहे.

पहिल्याच शोधमोहिमेत तो बरोबर होता. रानात वाकवून बांधलेलं एक झाडाचं पोर दिसलं. हे हरीण पकडायचं फासकं आहे, हे हॉपकिन्सने ओळखलं. ब्रॅडफर्ड मागून आला आणि त्याचा पाय त्यातच अडकला. याच भटकंतीत या मंडळींनी मूळ रहिवाशांनी जमिनीत पुरून ठेवलेला मका उकरून नेला. मूळ रहिवाशांच्या ज्या पटक्सेट गावाच्या जागेवर त्यांनी प्लिमथ वसाहत थाटली, ते गाव काही वर्षांपूर्वीच्या साथीत ओस पडलं होतं. वसाहतीच्या गौरवकथांत ही बाजू फार काळ एका ओळीत उरकली जात असे.

मार्च 1621 मध्ये सामोसेट नावाचा मूळ रहिवासी इंग्रजी बोलत थेट वस्तीत शिरला, तेव्हा त्या रात्री पाहुणा म्हणून त्याला हॉपकिन्सच्या घरी ठेवलं. जुलैत हॉपकिन्स आणि एडवर्ड विन्सलो, वाटाड्या स्क्वांटोला घेऊन, वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख मासासोइट याच्याकडे लाल कोट आणि तांब्याची साखळी घेऊन गेले. रात्री प्रमुख, त्याची बायको आणि हे दोघे एकाच फळ्यांच्या बाजेवर झोपले. पिसवा आणि उवांनी डोळा लागू दिला नाही.

पुढे हॉपकिन्स गव्हर्नरचा साहाय्यक झाला, खाणावळवजा दारूचं दुकान चालवू लागला, आणि वसाहतीच्या कोर्टाच्या वहीत वारंवार येऊ लागला. 1636 मध्ये मारहाणीसाठी दंड. 1637 मध्ये रविवारी गिऱ्हाइकांना दारू पिऊ दिली आणि शफलबोर्ड, म्हणजे टेबलावर चकत्या सरकवण्याचा खेळ, खेळू दिला म्हणून. मग महाग दारू विकल्याबद्दल. 1639 मध्ये बोस्टनकडे नऊ पेन्सला मिळणारा आरसा सोळा पेन्सला विकला म्हणून.

पण यातला खटकणारा खटला वेगळाच आहे. घरातली मोलकरीण डोरोथी टेंपल गरोदर राहिली. मुलाचा बाप आर्थर पीच, एका मूळ रहिवाशाला लुटून मारल्याबद्दल 1638 मध्ये फासावर गेलेला. हॉपकिन्सने तिला घरातून काढली. कोर्टाने सांगितलं, करारानुसार तिची दोन वर्षं तुझ्याकडे उरली आहेत, तेवढा काळ तिला आणि मुलाला पोसणं तुझं काम. करारावर बोट ठेवून गव्हर्नरशी भांडलेल्या या माणसाने या वेळी करार मानायचं नाकारलं आणि तो तुरुंगात गेला. चार दिवसांनी दुसऱ्या एका वसाहतकऱ्याने तीन पौंडांच्या बदल्यात डोरोथीला आपल्याकडे घेतलं, तेव्हा तो सुटला. डोरोथीला काय वाटलं, हे कुणी विचारलेलं नाही.

6 जून 1644 रोजी त्याने मृत्युपत्र केलं. 17 जुलैपर्यंत तो वारला होता, कारण त्या दिवशी त्याच्या जिंदगीची यादी झाली. दिवंगत बायकोशेजारी पुरा, असं त्यात आहे. हर्स्लीचा उल्लेख नाही. जाइल्सला मोठा वळू, निकोलस स्नोशी लग्न झालेल्या कॉन्स्टन्सला घोडी. कॉन्स्टन्सला बारा मुलं झाली आणि ब्रॅडफर्डने यादी केली तेव्हा ती सगळी हयात होती. आजच्या वंशजांतले पुष्कळ जण तिच्याच वाटेने हॉपकिन्सपर्यंत पोहोचतात. ओशिअॅनस मात्र लहानपणीच गेला.

धाकट्या मुलींना गायी मिळाल्या, नावांसकट. रूथला रेड कोल आणि तिचं वासरू, एलिझाबेथला स्मिकिन्स आणि तिचं वासरू. एक कुरळ्या केसांची गाय उरली, ती दोघींत अर्धी अर्धी. त्या गायीचं दूध बहिणींनी कसं वाटून घेतलं, हे कोर्टाच्या वहीत आलेलं नाही. म्हणजे भांडण झालं नसावं.