पोत्यांच्या बाजारात पिशवीची खरेदी

बंगळुरूचे यशवंतपूर म्हणजे शहराचे धान्यकोठार. पण कोठार शेजारी असले म्हणून घरातले डबे स्वस्तात भरतातच असे नाही. पायी जाऊन, हातात पेलेल एवढीच खरेदी करणाऱ्या गृहिणीने कुठे काय घ्यावे?

बदली होऊन यशवंतपूरला आलेल्या कुटुंबाला शेजारीपाजारी हमखास सांगतात, ‘‘तुम्हाला काय चिंता? मार्केट यार्ड तर जवळच आहे!’’ गोष्ट खरी आहे. तुमकूर रस्त्यालगतच्या या यार्डात नाशिक-सोलापूरकडचा कांदा, हासनचा बटाटा, कलबुर्गीची तूरडाळ, ब्याडगीची मिरची आणि मंड्याचा गूळ येतो. परंतु घाऊक व्यापार चालतो तो पोत्यावर आणि घर चालते ते पिशवीवर. सारी अडचण इथेच आहे.

टिकेल तेच जास्त घ्यावे

चार माणसांच्या घरात पन्नास किलो कांदा आणला, तर भावात वाचलेले पैसे पावसाळ्यात सडलेल्या कांद्याबरोबर उकिरड्यावर जातात. म्हणून यार्डातून घ्यायचे ते टिकाऊ सामान : तांदूळ, डाळी, चिंच, सुकी मिरची. यार्डातली काही दुकाने किरकोळ विक्रीही करतात. दोन-तीन शेजारणींनी मिळून महिन्यातून एकदा जावे, एक पोते घेऊन घरी वाटून घ्यावे. त्यात सगळ्यांचाच फायदा आहे. मात्र हिशेब त्याच दिवशी पुरा करावा, म्हणजे मैत्री टिकते.

जवळचे प्रत्येक दुकान आपल्यासाठी असते असेही नाही. जर्मनीच्या मेट्रो कंपनीने २००३ मध्ये भारतातली आपली पहिली घाऊक दुकाने बंगळुरूत उघडली. त्यातले एक यशवंतपूरचे. पण ते दुकानदार, हॉटेलवाले अशा नोंदणी केलेल्या व्यावसायिकांसाठी होते. घरगुती गिऱ्हाइकाने बाहेरूनच पाहावे! २०२३ मध्ये कंपनीचा भारतातला हा व्यवसाय रिलायन्सने विकत घेतला.

भाडे धरून भाव मोजा

‘तिकडे तीन रुपयांनी स्वस्त आहे’ हे ऐकून पुष्कळजणी धावतात. दहा किलोमागे तीस रुपये वाचतात खरे, पण ऑगस्ट २०२५ पासून बंगळुरूत रिक्षाचे किमान भाडेच ३६ रुपये आहे. म्हणजे परतताना रिक्षा केली, की बचत संपून वर पदरचे सहा रुपये गेले. कर्नाटकातील रहिवासी महिलांना जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. नव्याने आलेल्या कुटुंबाने ओळखपत्रावरचा पत्ता लवकर बदलून घेतला, तर हा लाभ घेता येईल. तरीही बसमधून उतरल्यावर ओझे हातानेच वाहायचे असते हे विसरू नये.

सव्वीस किलोची पिशवी

तांदळाची पिशवी २५ किलोऐवजी २६ किलोची का, असा प्रश्न अनेकींना पडतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच वजन करून छापील वेष्टनात बांधलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्यानंतर ही एक किलोने वाढलेली पिशवी बाजारात दिसू लागली. दुकानदाराने समोर मोजून दिलेल्या सुट्या धान्यावर हा कर नाही. त्यामुळे पाच किलो सोना मसुरी घेताना बंद पाकीट आणि सुटा तांदूळ यांचे भाव जरूर ताडून पाहावेत. सुटे घेताना तराजूवर वजनमाप खात्याचा शिक्का आहे ना, तेही बघावे.

भाजी रोजची, पायापुरती

भाजीसाठी यार्ड गाठण्याची गरज नाही. १९५९ मध्ये द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था म्हणून सुरू झालेल्या ‘हॉपकॉम्स’ची फळे-भाज्यांची दुकाने शहरात ठिकठिकाणी आहेत. तिथला भाव ठरलेला असतो. तो लक्षात ठेवला, की हातगाडीवर घासाघीस किती करायची ते कळते. हातगाडीवाल्यालाही हुसकावून लावायचे नसते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्याच्या पोटापाण्याच्या हक्काला संरक्षण दिले आहे. शिवाय गुडघे दुखणाऱ्या आजींच्या दारापर्यंत भाजी तोच आणतो.

चार कानडी शब्द आले तर काम सोपे होते. कांदा म्हणजे ईरुळ्ळी, बटाटा आलूगड्डे, तूरडाळ तोगरी बेळे, गूळ बेल्ल, पालेभाजी सोप्पु आणि जुडी म्हणजे कट्टु. ‘एष्टु?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ एवढे विचारता आले, तरी दुकानदार हसून बोलतो. दळणासाठी ‘हिट्टिन गिरणी’ शोधावी. गिरणी हा शब्द इथेही आपलाच वाटतो!

कोपऱ्यावरचा वाणी

राहिला घराजवळचा छोटा दुकानदार. त्याचा भाव यार्डापेक्षा दोन पैसे जास्त असणारच, कारण पोते फोडून, वजनातली तूट सोसून तो पाव किलो डाळ देतो. महिनाअखेरीस खाते लिहून ठेवतो. मुलाला एकटे पाठवले तरी सामान बरोबर येते. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, गर्दी टाळण्यासाठी यशवंतपूर यार्डातला कांदा-बटाट्याचा व्यवहार शहराबाहेर दासनपुऱ्याला हलवला होता. शेजारचे मोठे कोठार कायम शेजारीच राहील, याची खात्री कुणी द्यावी?

आता फोनवर बोट ठेवले की दहा मिनिटांत सामान दारी येते. तरुण जोडप्यांची सोय होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांना फोनवरून मागवणे जमत नाही, ज्यांचे पैसे रोजच्या रोज हाती येतात, त्यांना चालत गाठता येईल असे दुकानच लागते. सगळ्यांनी त्याच्याकडून फक्त अडीअडचणीची काडेपेटी घेतली, तर ते दुकान चालायचे कसे?

तेव्हा महिन्याचे टिकाऊ सामान यार्डातून, भाजी गाडीवरून किंवा हॉपकॉम्समधून आणि अधलेमधले सगळे कोपऱ्यावरून, अशी वाटणी करावी. खर्च आटोक्यात राहतो आणि पायी गाठता येणारे दुकानही टिकते. त्या दुकानाची गरज आज शेजारच्या आजींना आहे. उद्या ती आपल्यालाही लागेल.