दिवाणखान्यातला मायक्रोस्कोप

एरिक बेट्झिग हा माझा आवडता शास्त्रज्ञ. बेल लॅब्जमधली नोकरी कंटाळून सोडली आणि हा माणूस मिशिगनमध्ये वडिलांच्या मशिन टूल्सच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे बनवलेलं यंत्र फारसं खपलं नाही, हेही तो मोकळेपणाने सांगतो!

पुढे जुना सहकारी हॅराल्ड हेस याच्यासोबत पुन्हा विज्ञानाकडे वळला. तेव्हा दोघेही बेकार, प्रयोगशाळा नाही. मग मायक्रोस्कोप जोडला हेसच्या दिवाणखान्यात. अडचण होती १८७३ साली अॅबे या शास्त्रज्ञाने दाखवलेल्या मायक्रोस्कोपच्या मर्यादेची. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके प्रकाशात एकच दिसतात. यांची युक्ती अशी, की सगळे चमकणारे रेणू एकदम पेटवायचेच नाहीत. थोडे पेटवा, प्रत्येकाचा मध्य अचूक टिपा, विझू द्या, मग पुढचे. अशा हजारो फ्रेम्स एकावर एक रचल्या की पेशीतली बारीक रचना उमटते. म्हणजे रांगोळीच, ठिपक्या-ठिपक्याने काढलेली.

२००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये शोधनिबंध आला, २०१४ मध्ये स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांच्यासह रसायनशास्त्राचं नोबेल. गंमत म्हणजे बेट्झिग मूळचा भौतिकशास्त्राचा!