फॉरमॅट मारण्याआधी

आजचा विषय अगदी घरगुती आहे. आठ-दहा वर्षं जुना कॉम्प्युटर. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळून यायचं, तरी पडद्यावरचं ते गोल अजून फिरतंच आहे. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारून देतो, पार्टिशन नीट पाडून देतो." मशीन परत येतं आणि खरंच पळायला लागतं. चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मग हे औषध नेमकं कशावर लागू पडतं, ते आज बघू.

आधी मशीन मंद का होतं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिस्क'चा रकाना बघा. तुम्ही काहीच करत नसताना तिथे शंभर टक्के दिसत असेल, तर मशीन डिस्कपाशी अडलंय.

जुन्या हार्ड डिस्कच्या आत खरोखरच्या तबकड्या असतात. लॅपटॉपमधली डिस्क साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय ते डोकं योग्य वर्तुळावर न्यायला वेगळा वेळ. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक फायली वाचायच्या, तर सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचून होतात. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली मागते. वर तुम्ही न बोलावता सुरू होणारे पाहुणे: अपडेटर, मेसेंजर, प्रिंटरचं काहीतरी, दोन-दोन अँटिव्हायरस.

फॉरमॅट मारल्यावर हे पाहुणे जातात आणि फायली पुन्हा सलग लिहिल्या जातात. म्हणून वेग येतो. पण तबकडी तेवढीच फिरते, आणि पाहुणे हळूहळू परततात. म्हणून माझं मत सरळ आहे. दुकानदाराला पैसे देणारच असाल, तर त्यात भर घालून आधी एसएसडी बसवून घ्या. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे त्याच विखुरलेल्या फायली ती सेकंदाला हजारोंनी वाचते. जुन्या मशीनला याच्याइतका फरक दुसऱ्या कशानं क्वचितच पडतो.

आता पार्टिशन. सी ड्राइव्ह कशाला म्हणतात? ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरं राहिली. डी म्हणजे बहुतेक घरांत दुसरी डिस्क नसते. मोठ्या खोलीत मधे भिंत घातली, दोन खोल्या झाल्या, जागा तेवढीच. वेग वाढतो का? फिरत्या डिस्कवर किंचित. पहिलं पार्टिशन सहसा तबकडीच्या बाहेरच्या कडेला पडतं, तिथे एका फेऱ्यात जास्त माहिती मावते. पण सी आणि डी दोन्ही एकदम वापरलंत, की तेच डोकं दोन खोल्यांत येरझाऱ्या घालतं. एसएसडीवर तर हा प्रश्नच नाही. भिंतीचा खरा फायदा वेगळा: पुढच्या वेळी सी पुसून विंडोज नव्याने टाकता येते आणि डीमधलं तुमचं सामान जागेवर राहतं.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. "फोटो डीवर आहेत, म्हणजे सुरक्षित आहेत." नाहीत. डिस्क बंद पडली की दोन्ही खोल्या एकदम जातात. आणि मंद होणं हे कधीकधी डिस्क मरत असल्याचंच लक्षण असतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत सांगतो. तिथे 'गुड' सोडून दुसरं काही दिसलं, किंवा आतून टकटक ऐकू आली, तर फॉरमॅटचं नाव काढू नका. आधी सामान बाहेर काढा.

सामान म्हणजे काय काय? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे सहसा सीवरच असतात, हे लोक विसरतात. टॅलीच्या हिशेबाचं फोल्डर पुष्कळदा प्रोग्रॅमच्या शेजारीच असतं. आणि आपल्या मराठी माणसांची खास गोष्ट: फॉन्ट. वीस वर्षांपूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली संस्थेची इतिवृत्तं, वडिलांचे लेख, हे युनिकोड नाही. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही बाहेरच्या डिस्कवर घ्या. ब्राउझरमधले पासवर्ड आणि नेटवर्कचा ड्रायव्हरही घ्या. कॉपी झाल्यावर दहा-बारा फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग ती बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवा.

ती काढायची का, ते ऐका. विंडोजच्या सेटअपमध्ये 'कस्टम' निवडलं की पार्टिशनची यादी येते. तिथे सी, डी अशी अक्षरं नसतात. 'ड्राइव्ह ०, पार्टिशन २' असं लिहिलेलं असतं. ओळखायचं फक्त आकारावरून. तुमची बाहेरची डिस्क जोडलेली असेल, तर तीही त्याच यादीत. तेव्हा आधीच कागदावर आकार लिहून ठेवा. 'या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही' असा संदेश आला, तर बऱ्याचदा कारण एमबीआर आणि जीपीटी या दोन मांडण्यांचं असतं. तिथे घाईनं अख्खी डिस्क साफ केलीत, तर डीसुद्धा गेली. सीला दीडशे जीबीच्या आसपास ठेवा. पन्नासात बसवलेली सी वर्षभरात भरते, आणि भरलेली सी पुन्हा मंद.

समोरून प्रश्न आलाय, कुठली विंडोज टाकायची? १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांच्या मशीनला ते बहुधा जमत नाही. पत्रं, ब्राउझर, यूट्यूब एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता. टॅलीवाल्यांना ते सोयीचं नाही.

अजून एक विचारताहेत: जुनी डिस्क भंगारात देऊ का? क्विक फॉरमॅटनं फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमनं फोटो आणि पॅनकार्डाच्या प्रती परत निघतात. डिस्क फिरती असेल, तर 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. डिस्क मोठी असेल तर काही तास लागतील, रात्री लावून ठेवा.