विश्लेषण : युद्धस्मारकात आजोबा एकाच भिंतीपाशी का थांबतात? माजी सैनिकासोबत जाण्याआधी काय माहीत हवे?

दिल्लीची सहल म्हटली की लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट ही यादी ठरलेली असते. घरात माजी सैनिक असेल, तर त्यात राष्ट्रीय युद्धस्मारकाची भर पडते. घरचे फोटो काढून अर्ध्या तासात बाहेर पडायच्या तयारीत असतात आणि आजोबा मात्र एका भिंतीसमोर उभे असतात. बाकीच्यांसाठी ते प्रेक्षणीय स्थळ असते. आजोबा आपल्या पलटणीतल्या कुणाचे तरी नाव शोधायला आलेले असतात.

१९७१च्या युद्धात विशीत असलेले जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. गुडघे साथ देत आहेत तोवर ही भेट घडवायची, तर तयारी घरच्यांनाच करावी लागते. त्यातला पहिला प्रश्न असतो : नाव नेमके कुठे शोधायचे?

इंडिया गेटवर कोणाची नावे आहेत?

इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. इंडिया गेटची पायाभरणी १९२१ मध्ये झाली आणि १९३१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पहिले महायुद्ध आणि १९१९चे अफगाण युद्ध यांत ब्रिटिश भारतीय सैन्यातर्फे लढताना मृत्यू पावलेल्यांचे हे स्मारक. त्यावर १३ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. १९६२, १९६५, १९७१ किंवा कारगिलमध्ये हुतात्मा झालेल्या जवानाचे नाव तिथे सापडणार नाही.

कमानीखालची ज्योत कुठे गेली?

१९७१च्या विजयानंतर २६ जानेवारी १९७२ रोजी इंडिया गेटच्या कमानीखाली अमर जवान ज्योतीचे लोकार्पण झाले. त्या पिढीतल्या सैनिकाच्या मनात स्मारक म्हणजे हीच ज्योत आणि उलटी रोवलेली रायफल व तिच्यावरचे हेल्मेट. आज तिथे गेल्यावर दोन्ही दिसत नाहीत. २१ जानेवारी २०२२ रोजी ही ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात रायफल आणि हेल्मेटही स्मारकाच्या परिसरातील परमयोद्धा स्थळी हलवण्यात आले. आजोबांना हे आधीच सांगितलेले बरे. रिकामी कमान पाहून अनेकांना चुकल्यासारखे होते.

राष्ट्रीय युद्धस्मारकाची रचना कशी आहे?

इंडिया गेटलगत सुमारे ४० एकरांत पसरलेल्या या स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. एकात एक अशी चार वर्तुळे हा त्याचा आराखडा. मध्यभागी अमरचक्र, तिथे स्तंभ आणि अखंड ज्योत आहे. त्याभोवती वीरताचक्र असून त्यात गाजलेल्या लढायांची सहा कांस्य भित्तिशिल्पे आहेत. तिसरे त्यागचक्र आणि सर्वांत बाहेर झाडांच्या रांगांचे रक्षकचक्र.

नावे आहेत ती त्यागचक्रात. चक्रव्यूहाच्या कल्पनेवर रचलेल्या १६ भिंतींवर, स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. प्रत्येकाची पाटी स्वतंत्र आहे. सेनापतींसाठी वेगळी भिंत आणि शिपायांसाठी वेगळी, असा प्रकार नाही.

हजारो पाट्यांमधून एक नाव कसे शोधायचे?

नुसते फिरून ते सापडणे अवघड. स्मारकात डिजिटल पडद्यांवर नाव टाकून त्याची जागा शोधण्याची सोय आहे. मात्र इथे मराठी माणसाची एक अडचण होते. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावे लष्करात अनेकांची. ‘आमच्या कंपनीतला जाधव’ एवढ्या माहितीवर शोध थांबतो. म्हणून निघण्यापूर्वी घरीच बसून पूर्ण नाव, हुद्दा, पलटण आणि वर्ष लिहून घ्यावे. आठवत असेल तर सेवा क्रमांकही. आजोबांचे जुने फोटो आणि कागदपत्रे यासाठी उपयोगी पडतात. बऱ्याचदा त्या नावामागची गोष्ट नातवंडे पहिल्यांदा ऐकतात ती हे लिहून घेतानाच.

स्मारकात संध्याकाळीच का जावे?

संध्याकाळी इथे हुतात्म्याच्या निकटवर्तीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचा सोहळा होतो. रोज एका कुटुंबाचा मान असतो. परमयोद्धा स्थळी परमवीरचक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे त्यांत आहेत. हे सारे पाहायचे, तर उन्हाळ्यातली दुपार टाळलेली बरी. स्मारक उघड्यावर आहे आणि चालणे बरेच आहे.

द्रासला जाताना काय लक्षात ठेवावे?

कारगिल युद्धाचे स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी, श्रीनगर-लेह मार्गावर आहे. दरवर्षी २६ जुलैला कारगिल विजय दिनी इथे मोठा कार्यक्रम होतो. भिंतीवर नाव आणि मान वर केली की तोलोलिंग, हे इथले वेगळेपण. ज्या डोंगरासाठी माणूस गेला तो डोंगर समोरच असतो.

पण द्रास साडेदहा हजार फुटांच्या आसपास आहे आणि श्रीनगरहून जाताना वाटेत त्याहून उंच झोजिला खिंड ओलांडावी लागते. तरुणपणी पाठीवर ओझे घेऊन याच भागात चढलेल्या माणसाला ‘तुम्हाला झेपेल का?’ हा प्रश्न आवडत नाही. तरीही हृदय आणि फुप्फुसांची तपासणी करून, वाटेत मुक्काम करत जाणेच योग्य. हिवाळ्यात बर्फामुळे खिंड बंद होते.

आजोबांच्या आजोबांचे नाव शोधायचे असेल तर?

महायुद्धांत परदेशी मरण पावलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे आहे. तिच्या संकेतस्थळावर नावानुसार शोध घेता येतो. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे हे याचे ठळक उदाहरण. १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही. नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर आहे, तर पुतळा माणगावात. इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले.

एवढ्या लांबचा प्रवास शक्य नसेल तर?

पुण्यात कॅम्प परिसरात नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले, १९९८ मध्ये खुले झालेले युद्धस्मारक आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ ग्रामस्थांचे स्मारक आहे. अनेक रेजिमेंटल सेंटरचीही स्वतःची स्मारके आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर बेळगावात आहे. मात्र लष्करी परिसरात परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही, त्यामुळे आधी चौकशी करावी.

तिथे पोहोचल्यावर घरच्यांनी काय करावे?

फार काही नाही. आजोबांना पदके लावून जायचे असेल तर जाऊ द्यावे. गाडीची वेळ गाठायची घाई करू नये. ते गप्प झाले तर बोलते करण्याचा आग्रह नको. बोलू लागले, तर मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. पाटीवर हुद्दा, नाव आणि पलटण एवढेच मावते. तो जवान डब्यातला शेवटचा लाडू कुणाला द्यायचा, सुट्टी मंजूर झाल्यावर काय गायचा, हे फक्त त्याच्या सोबत्याला ठाऊक असते. आणि असे सोबती दरवर्षी कमी होत आहेत.