संगणक प्रशिक्षणाला चाचेगिरीचा विळखा

फुकटच्या प्रतींवर वाढलेला व्यवसाय आता फुकटच्याच प्रतींमुळे अडचणीत. खरा तोटा प्रामाणिक विद्यार्थ्याचा

संगणक प्रशिक्षण वर्ग हा एकेकाळी तालुक्याच्या गावातील भरवशाचा व्यवसाय मानला जात असे. दहावी-बारावीची परीक्षा संपली की या वर्गांत प्रवेशासाठी गर्दी होई आणि सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तुकड्या चालत. धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूर, भूम, परंडा, वाशी, लोहारा या साऱ्या ठिकाणी पालकांच्या दृष्टीने संगणकाचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीच्या दारावरची पहिली थाप होती. आज मात्र या व्यवसायाला घरघर लागल्याचे चित्र दिसते. मोबाइलवर सारे काही मिळते, मग फी कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थी उघडपणे विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर शोधताना डिजिटल चाचेगिरीचा मुद्दा टाळता येत नाही.

भरभराटीचा काळ

महाराष्ट्रात संगणक साक्षरतेची लाट आली ती २००१ नंतर. त्या वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजेच एमकेसीएलने, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या अधिकृत केंद्रांमार्फत सुरू केला. परीक्षा आणि प्रमाणपत्राची बाजू महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे होती. राज्य सरकारने संगणक अर्हता नसलेल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्यापर्यंत पावले उचलली आणि साहजिकच केंद्रांकडे रीघ लागली. आतापर्यंत एक कोटीहून अधिक जणांनी हा अभ्यासक्रम केल्याचे महामंडळ सांगते.

या मूलभूत अभ्यासक्रमाच्या जोडीने हार्डवेअर, नेटवर्किंग, टॅली, डीटीपी, ऑटोकॅड असे वर्ग उभे राहिले. मायक्रोसॉफ्ट आणि सिस्को या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांचे आकर्षणही त्याच काळात मराठवाड्यापर्यंत पोहोचले.

पायातच खोट

या इमारतीच्या पायात सुरुवातीपासून एक खोट होती. वीस संगणकांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्रावर परवानाधारक सॉफ्टवेअर बसवायचे, तर खर्च यंत्रांच्या किमतीपुढे जाण्याची शक्यता. निमशहरी भागातील फी तेवढा भार पेलणारी नव्हती. परिणामी, एका सीडीवरून सर्व यंत्रांवर प्रत उतरवणे ही अनेक ठिकाणी रूढ पद्धत होऊन बसली. मराठी अक्षरजुळणीसाठी लागणारे, पुण्यात तयार झालेले श्री-लिपीसारखे सॉफ्टवेअरही या नकलेतून सुटले नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना असलेल्या बीएसएच्या अंदाजानुसार, २०११ मध्ये भारतात बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ६३ टक्के विनापरवाना होते. २०१७ मध्ये हे प्रमाण ५६ टक्के झाले. हा अंदाज उद्योगाच्याच संघटनेचा आहे, हे लक्षात घेतले तरी प्रश्नाचा आवाका त्यावरून कळतो.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यावसायिक लाभासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. फी घेऊन चालणाऱ्या वर्गाला या सवलतीचा आधार घेणे अवघडच.

आता शिकवणीचीच चोरी

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि चित्र उलटले. तोवर वर्ग सॉफ्टवेअरची नक्कल करीत होते. आता वर्गाच्या नोट्स, ध्वनिचित्रफिती आणि सराव प्रश्नांची नक्कल होऊ लागली. एखाद्या विद्यार्थ्याने पैसे भरून घेतलेला अभ्यासक्रम टेलिग्रामवरील गटांत काही तासांत फुकट किंवा शे-दोनशे रुपयांत उपलब्ध होतो. ज्याने वर्षभर खपून अभ्यासक्रम तयार केला, त्याच्या हाती काही लागत नाही.

याविरुद्ध दाद मागणाऱ्या दिल्लीतील शिक्षिका नीतू सिंग यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये महत्त्वाचा आदेश दिला. सर्व्हर सिंगापूरमध्ये असल्याने तेथील कायद्यानुसार वापरकर्त्यांची माहिती देता येत नाही, हा टेलिग्रामचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला आणि बेकायदा साहित्य पसरविणाऱ्या वाहिन्यांचा तपशील सादर करण्यास सांगितले. मात्र, असा लढा देण्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा तालुक्यातील संस्थाचालकाकडे कोठून असणार?

‘डंप’चा बाजार

याहूनही घातक प्रकार म्हणजे परीक्षेतील प्रश्नांची चोरी. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेला बसणारा उमेदवार प्रश्न गुप्त ठेवण्याचा करार मान्य करतो. तरीही काही जण प्रश्न पाठ करून बाहेर येतात आणि ते उत्तरांसह विकले जातात. यालाच या क्षेत्रात ‘डंप’ म्हणतात. हा प्रकार जुनाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न संकेतस्थळावरून विकणाऱ्या अमेरिकेतील एका व्यक्तीने २००२ मध्ये व्यापारी गुपितांच्या चोरीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला होता.

सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे २५ हजार रुपयांहून अधिक आहे. नापास झाल्यास ते पुन्हा भरावे लागते. एवढी रक्कम पणाला लागली की ‘डंप’चा मोह वाढतो. पण पाठांतरावर उत्तीर्ण झालेला उमेदवार मुलाखतीत किंवा कामाच्या पहिल्या आठवड्यात उघडा पडतो. मग कंपन्यांचा त्या कागदावरचाच विश्वास उडतो आणि रात्रंदिवस अभ्यास करून तेच प्रमाणपत्र मिळविणाऱ्याची किंमतही घसरते. चोरी एकाची, भुर्दंड दुसऱ्याला, असा हा हिशेब आहे.

धाराशिवला फटका अधिक

जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख असून, त्यातील बहुसंख्य ग्रामीण आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून या जिल्ह्याचा, तेव्हाच्या उस्मानाबादचा, समावेश आहे. अवर्षणप्रवण भागात फीचा हप्ता बऱ्याचदा सोयाबीनच्या पैशावर अवलंबून असतो. पुण्यातील उमेदवारामागे महाविद्यालयाचे नाव, ओळखी, अनुभव उभे असतात. येथून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाकडे मात्र अनेकदा तो एक कागदच असतो. त्याची पत गेली, तर त्याच्याजवळ दाखविण्यासारखे फारसे उरत नाही.

नक्कल न होणारे काय?

या परिस्थितीतून मार्ग नाही, असे नाही. एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम तग धरून राहिले, कारण तेथे नोंदणी ऑनलाइन, परीक्षा केंद्रावर आणि प्रमाणपत्र शासनमान्य आहे. पुस्तकाची प्रत काढता येते, परीक्षेची नाही. रेड हॅटच्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, तर चालू यंत्रणेवर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. तेथे ‘डंप’चा उपयोग नाममात्र राहतो.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही कायदेशीर वाटा आहेत. टॅलीची शैक्षणिक आवृत्ती मोफत आहे. तीत महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण हिशेब शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क मोफत परवाना देते. लिबरऑफिस, गिम्प, लिनक्स ही तर मुक्त सॉफ्टवेअर आहेत. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात त्यांचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. ज्या वर्गाला परवाना परवडत नाही, त्याने या मुक्त साधनांवर अभ्यासक्रम बेतणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो.

शेवटी प्रशिक्षण वर्ग विकतो तरी काय, हा मूळ प्रश्न आहे. माहितीच विकायची असेल, तर ती लढाई तो केव्हाच हरला आहे. परंतु बिघडलेले यंत्र उघडून दाखविणारा शिक्षक, चुकलेली नोंद शेजारी बसून दुरुस्त करून घेणारा मार्गदर्शक आणि ‘हे काम या मुलाला येते’ असे खात्रीने सांगणारी संस्था यांची प्रत पेनड्राइव्हवर उतरत नाही. फी भरण्यापूर्वी पालकांनीही चौकशी करायची ती याचीच: प्रयोगशाळेत तास किती, सॉफ्टवेअर परवानाधारक आहे का आणि परीक्षा कोण घेते? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे देणारे वर्गच यापुढे टिकतील.